वाचकांचे प्रश्न : फोनचे अपडेट आणि वैद्यकीय उपकरणांची ॲप्स

सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी आजाराबद्दल नव्हती, तर ज्या फोनवर सेन्सरचे आकडे दिसतात त्या फोनबद्दल होती. त्यांपैकी काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत. उत्तरांमध्ये इन्सुलिनच्या मात्रेविषयी काहीही सुचवलेले नाही. तो विषय आपल्या डॉक्टरांचा आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला टाइप-१ मधुमेह असून त्याच्या दंडावर सेन्सर असतो, आणि साखर कमी झाली की त्याच्या फोनवर अलार्म वाजतो. आम्हा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका ताईंनी लिहिले, की फोन अपडेट झाला त्या रात्री त्यांच्या मुलीचा अलार्म वाजलाच नाही. तेव्हापासून गटातील बहुतेकांनी अपडेट कायमचे बंद करून टाकले आणि आम्हीही तेच केले. आता वर्ष होऊन गेले. मुलाचे वडील म्हणतात, असा फोन वापरणे धोक्याचे आहे. नेमके काय करावे? — एक आई, पुणे

उत्तर : गटातील ताईंचा अनुभव खोटा मानण्याचे काहीच कारण नाही, आणि मुलाच्या वडिलांचे म्हणणेही बरोबर आहे. चूक झाली ती या दोन्ही गोष्टींमधून ‘कायमचे बंद’ हा निष्कर्ष काढण्यात. सुरक्षा अपडेट घ्यायलाच हवे. मात्र ते कोणत्या वेळी घ्यायचे हे फोनने ठरवू नये, घरातील जाणत्या माणसाने ठरवावे. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर एवढेच आहे, पण ते अमलात आणण्यासाठी अलार्म का गप्प होतो हे समजून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी फोनला जोडल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या उपकरणांविषयी एक सावधगिरीची सूचना काढली. अलार्म न वाजल्याच्या किंवा ऐकू न आल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या आणि त्यामुळे साखर धोकादायकरीत्या घसरणे, अतिशय वाढणे, इतकेच नव्हे तर मृत्यू ओढवणे, अशा घटनांना हातभार लागला असावा, असे त्या सूचनेत म्हटले आहे. त्यात दिलेली कारणे पाहिली तर ती रोजच्या वापरातलीच आहेत : ॲपने अजून न स्वीकारलेल्या नव्या आवृत्तीवर फोन जाणे, नवे ब्लूटूथ इअरफोन जोडल्यामुळे आवाज बदलणे किंवा दुसरीकडे वळणे, ॲपच्या सूचनांची परवानगी बंद असणे, आणि बराच वेळ न उघडलेल्या ॲपला फोनने झोपवून टाकणे. फोनचे स्वयंचलित अपडेट बंद ठेवावे, नवी आवृत्ती घेण्यापूर्वी ॲप तिच्यावर चालते याची खात्री करावी, आणि अपडेटनंतर व एरवीही महिन्यातून एकदा अलार्मच्या सेटिंग तपासाव्यात, असा सल्ला त्या सूचनेत आहे. ‘अपडेट घेऊच नका’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. गटांवर या सल्ल्याचे पहिले वाक्य तेवढे फिरते आणि बाकीचे मागे राहते.

उदाहरण द्यायचे तर, सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनच्या आज्ञावलीची सतरावी आवृत्ती, म्हणजे आयओएस १७, आली, तेव्हा लिब्रे सेन्सर बनवणाऱ्या ॲबट कंपनीने ग्राहकांना स्वयंचलित अपडेट बंद ठेवण्यास सांगितले होते आणि ‘स्टँडबाय’ (चार्जरवर आडव्या ठेवलेल्या फोनवर घड्याळ वगैरे दाखवणारी) व ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ (फोनचा पडदा सोपा करणारी) या दोन नव्या सोयी वापरू नयेत असे कळवले होते, कारण त्यांमुळे अलार्म दबण्याची शक्यता होती. म्हणजे ॲपमध्ये काहीही बिघडलेले नसताना फोनमध्ये आलेल्या नव्या सोयीमुळे ही अडचण उभी राहत होती.

रात्रीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. स्वयंचलित अपडेट साधारणपणे रात्री, फोन चार्जरला लावलेला असताना बसते, आणि त्यानंतर फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुन्हा सुरू झालेल्या फोनमधील माहिती पिन टाकेपर्यंत कुलूपबंद असते, आणि अनेक फोनांत तोपर्यंत बहुतेक ॲप्स चालूच होत नाहीत. मुलगा झोपलेला असतो, फोन उशाशी असतो, पडद्यावर घड्याळही नेहमीसारखे दिसत असते. पण सेन्सरचे ॲप मात्र सकाळी सहा वाजता कोणीतरी पिन टाकण्याची वाट पाहत असते. त्या ताईंच्या घरी नेमके काय झाले हे पत्रावरून ठरवता येणार नाही. तरीही एवढ्या एका कारणासाठी, ज्याच्या अलार्मवर रात्र अवलंबून आहे त्या फोनवर स्वयंचलित अपडेट बंद असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक अँड्रॉइड फोनांत ठरावीक दिवशी आपोआप बंद-चालू होण्याची वेगळी सोयही असते. तीही बंद करून ठेवावी.

आता दुसरी बाजू. आपल्या मुलाच्या फोनचे ब्लूटूथ चोवीस तास चालू असते, कारण सेन्सर त्याच मार्गाने बोलतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ब्लूबॉर्न’ या नावाने ब्लूटूथमधील त्रुटींचा एक संच उजेडात आला होता. त्या त्रुटींमुळे जवळपासच्या माणसाला फोनच्या मालकाने काहीही न दाबता फोनमध्ये शिरता येणे शक्य होते. उपाय अर्थातच सुरक्षा अपडेट हाच होता. ज्याचे ब्लूटूथ कधीच बंद होत नाही त्याने वर्षभर अपडेट टाळणे म्हणजे इतरांपेक्षा अधिक धोका पत्करणे होय. शिवाय ॲप बनवणाऱ्या कंपन्याही जुन्या आवृत्त्यांचा पाठिंबा कालांतराने काढून घेतात, त्यामुळे फार मागे राहिलेल्या फोनवर एके दिवशी ॲपच चालेनासे होते.

फोनकडून येणाऱ्या अपडेटमध्येही फरक करायला हवा. अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्या गूगल साधारणपणे दर महिन्याला प्रसिद्ध करते आणि फोन कंपन्या त्या आपापल्या सवडीने पुढे पाठवतात. फोनच्या माहितीच्या पानावर ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ या ओळीपुढे जी तारीख असते, ती या दुरुस्त्यांची. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती, म्हणजे तेरावरून चौदावर किंवा चौदावरून पंधरावर जाणे, ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात परवानग्या, सूचना, बॅटरीचे नियम असे पुष्कळ काही बदलते. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून जवळपासच्या उपकरणांशी जोडण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागू लागली आणि तेराव्या आवृत्तीपासून सूचना दाखवण्यासाठीही परवानगी लागू लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे मोठ्या आवृत्तीनंतर अलार्म का अडतो याचा अंदाज येतो. आयफोनमध्येही मोठी आवृत्ती आणि तिच्यानंतरच्या छोट्या दुरुस्त्या असा फरक असतोच.

मी स्वतः असे धोरण सुचवीन : मासिक सुरक्षा दुरुस्ती आली की आठवडा-दोन आठवड्यांत, सोयीचा दिवस पाहून घ्यावी. ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात आहे असे ॲपल, गूगल किंवा आपल्याकडची सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था सांगते, तिची दुरुस्ती दोन-तीन दिवसांतच घ्यावी. मोठी आवृत्ती मात्र सेन्सरच्या कंपनीने आपल्या सुसंगत फोनांच्या यादीत तिचे नाव घातल्याशिवाय घेऊ नये. ही यादी कंपन्या सहसा आपल्या संकेतस्थळावर ठेवतात आणि तिच्यात फोनचे मॉडेल व आवृत्ती दोन्ही पाहावीत. अकरावीतल्या मुलांना नवी आवृत्ती सर्वांच्या आधी, चाचणीच्या स्वरूपात, उतरवून घेण्याची हौस असते. सेन्सरच्या फोनवर ती हौस चालणार नाही, हे त्याला एकदा नीट समजावून सांगावे. कारण मोठी आवृत्ती एकदा बसली की मागे फिरणे बहुधा शक्य नसते. ॲपल तर जुनी आवृत्ती बसवण्याची वाट थोड्याच दिवसांत बंद करते.

वर्षभराचे साचलेले अपडेट घेताना सुटीच्या दिवसाची सकाळ निवडावी. नवा सेन्सर लावला तो दिवस आणि सेन्सर संपण्याचा दिवस टाळावा. फोन पुरेसा चार्ज असावा, ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या स्ट्रिप हाताशी असाव्यात, आणि अलार्मच्या सर्व पानांचे, म्हणजे वरची मर्यादा, खालची मर्यादा, आवाज, सिग्नल तुटल्याची सूचना यांचे, स्क्रीनशॉट काढून आपल्या फोनवर पाठवून ठेवावेत. अपडेट बसून फोन पुन्हा सुरू झाला की पिन टाकून सेन्सरचे ॲप स्वतः उघडावे. ते आपोआप उघडले असेल असे गृहीत धरू नये. त्यानंतर ब्लूटूथ, जवळपासची उपकरणे, सूचना या परवानग्या पाहाव्यात, ‘डू नॉट डिस्टर्ब’ किंवा ‘फोकस’ चालू असतानाही ॲपला वाजण्याची मुभा आहे का हे पाहावे, आणि बॅटरीच्या पानावर त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’, म्हणजे बंधनमुक्त, ठेवले आहे ना, हे तपासावे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक अँड्रॉइड फोनांत याखेरीज ॲपला आपोआप सुरू होऊ देणारी ‘ऑटोस्टार्ट’ नावाची स्वतंत्र कळ असते, आणि अपडेटनंतर ती मूळ स्थितीत गेलेली आढळू शकते.

एवढे झाल्यावरही अलार्म प्रत्यक्ष वाजवून पाहिल्याशिवाय समाधान मानू नये. जेवणानंतर साखर स्वाभाविकपणे चढलेली असताना अलार्मची वरची मर्यादा तात्पुरती त्या वेळच्या आकड्याच्या खाली आणावी. म्हणजे आकडा १६० असेल तर मर्यादा १४० करावी, फोन कुलूपबंद करून बाजूला ठेवावा आणि वाट पाहावी. वाजला की स्क्रीनशॉट पाहून मर्यादा पूर्ववत करावी. पूर्ववत करायला विसरल्यास पुढचे दोन दिवस अलार्म उगीचच वाजत राहतील, मुलगा वैतागून सर्वच आवाज बंद करील, आणि आपण होतो त्याहून वाईट जागी येऊन पोहोचू.

त्या दिवशीची पहिली रात्र थोड्या देखरेखीची असावी. नातेवाइकांना आकडे दाखवणारे ॲप आपल्या फोनवर असेल तर ते चालते आहे का पाहावे, पण त्यावर पूर्ण विसंबू नये, कारण ते मुलाच्या फोनवरून आणि इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीवरच चालते. मूळ फोन गप्प झाला तर आपल्याकडेही शांतताच असते. झोपण्यापूर्वी बोटातून एकदा तपासणी करावी, आणि मध्यरात्रीनंतर आपल्या साध्या घड्याळाचा गजर लावून एकदा आकडा पाहावा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास काय करायचे हे आपल्याला ठाऊक असेलच.

एक सूचना मात्र ठळकपणे लक्षात ठेवावी. ॲप अडले म्हणून ते काढून टाकून पुन्हा घालण्याचा सल्ला गटावर हमखास मिळतो. लिब्रेच्या काही ॲप्सच्या बाबतीत ॲप काढून टाकल्यास आधीची नोंद जाऊ शकते आणि दंडावरचा चालू सेन्सरही त्या ॲपला वापरता येईलच असे नाही. म्हणजे कित्येक दिवस उरलेला महागडा सेन्सर वाया जाऊ शकतो. आधी ब्लूटूथ बंद-चालू करावे, मग फोन बंद-चालू करावा, आणि तरीही भागले नाही तर कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलावे.

प्रश्न : माझे वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. त्याची माहिती फोनवरील ॲपमधून रुग्णालयाकडे जाते. फोन सारखा अपडेट मागतो. नातू म्हणतो करून टाका, सौ. म्हणतात हात लावू नका, यंत्र बंद पडेल. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण निश्चिंत असावे. आपल्या हृदयाला ठोके देण्याचे काम पेसमेकर स्वतःच्या बॅटरीवर आणि स्वतःच्या आज्ञावलीवर करतो. त्याला फोनची गरज लागत नाही. फोनवरील ॲप केवळ त्याच्याकडून माहिती घेते आणि पुढे पाठवते. फोन अपडेट होत असताना, बंद असताना किंवा अगदी हरवला तरी ठोके चालूच राहतात. फार तर काही दिवस माहिती रुग्णालयाकडे पोहोचत नाही. त्यामुळे पुण्याच्या भगिनींना सांगितलेली सगळी तयारी आपल्याला करावी लागणार नाही. नातवाला सोबत घेऊन दिवसा अपडेट करावे, नंतर ॲप उघडून ते ‘जोडलेले’ दाखवते आहे ना हे पाहावे, आणि दाखवत नसल्यास रुग्णालयाच्या पेसमेकर विभागाला फोन करावा. ॲप कंपनीच्या यादीतील आवृत्तीवर चालते का, ही एकच गोष्ट मोठ्या आवृत्तीच्या वेळी आधी विचारून घ्यावी. ते ॲप पडद्यावरून वर सरकवून बंद करण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण काही फोनांत असे बंद केलेले ॲप आपण पुन्हा उघडेपर्यंत पार्श्वभूमीवर चालत नाही.

पेसमेकरच्या आतल्या आज्ञावलीचे अपडेट हा अगदी निराळा प्रकार आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुरक्षेच्या कारणाने असे अपडेट जाहीर झाले, तेव्हा ते घरी बसून घेण्याची सोय नव्हती. रुग्णाला दवाखान्यात जाऊनच ते घ्यावे लागे, सुमारे तीन मिनिटे लागत आणि तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव गतीवर चाले. आपल्या फोनवर ‘अपडेट’ असे दिसते ते याच्यापैकी नव्हे, हे सौभाग्यवतींना अवश्य वाचून दाखवावे.

आपण विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. सदऱ्याच्या डाव्या खिशात फोन ठेवण्याची आपल्याकडच्या पुरुषांची जुनी सवय आहे. ज्या फोनांत शक्तिशाली चुंबक असतात ते बसवलेल्या उपकरणापासून किमान सहा इंच, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत, असे एफडीएने २०२१ मध्ये सांगितले आहे. आपला पेसमेकर त्याच बाजूला असेल तर फोनची जागा बदलावी. अपडेटच्या भीतीपेक्षा ही काळजी अधिक महत्त्वाची आहे.

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. चौदा वर्षांच्या मुलीचा इन्सुलिन पंप फोनशी जोडलेला आहे. फोनच्या अपडेटविषयी आम्ही सावध असतोच, पण पंपाच्या ॲपचे स्वतःचे अपडेट येते तेव्हा ते लगेच घ्यावे, की थांबावे? आधी ॲप की आधी फोन? — एक वडील, अमेरिका

उत्तर : अमेरिकेतलीच दोन उदाहरणे देतो, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशांना बोट दाखवतात. टँडेम कंपनीच्या पंपासोबत चालणाऱ्या आयफोनवरील ॲपच्या २.७ या आवृत्तीत अशी त्रुटी होती, की ॲप कोसळे, फोन त्याला पुन्हा सुरू करी, ते पुन्हा कोसळे. या चक्रामुळे पंपाशी ब्लूटूथचे बोलणे अतोनात वाढून पंपाची बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपे आणि पंप बंद पडून इन्सुलिन थांबे. २०२४ मध्ये एफडीएने या प्रकरणाला सर्वांत गंभीर वर्गात घातले. १५ एप्रिल २०२४ पर्यंत २२४ जणांना इजा झाल्याची नोंद होती, मृत्यूची नव्हती. येथे नवे ॲप घेणाऱ्याला त्रास झाला. पण तोही संपला तो २.७.१ ही दुरुस्त आवृत्ती घेतल्यावरच.

दुसरे उदाहरण ओम्निपॉड ५ या इन्सुलिन पंपाच्या अँड्रॉइड फोनवरील ॲपचे. २०२३ च्या अखेरीस असे आढळले, की मात्रा लिहिताना दशांश चिन्ह सर्वांत आधी दाबले तर ॲप त्याची नोंद घेत नसे. म्हणजे ०.१५ ऐवजी कोणी नुसते दशांश चिन्ह आणि १५ लिहिले, तर ॲप ते सरळ पंधरा युनिट समजण्याची शक्यता होती. येथे जुने ॲप वापरत राहणाराच धोक्यात होता, आणि सुटकेचा मार्ग अपडेट हाच होता.

म्हणून सरसकट ‘लगेच’ किंवा सरसकट ‘थांबा’ असे उत्तर देता येत नाही. कंपनीचे पत्र किंवा ईमेल वाचावे. त्यात रुग्णाच्या सुरक्षेशी संबंधित दुरुस्ती असे म्हटले असेल तर त्याच दिवशी, मुलगी जागी आणि आपण घरी असताना अपडेट घ्यावे. केवळ नव्या सोयी असतील तर आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही. क्रमाबद्दल म्हणाल तर सर्वसाधारणपणे आधी ॲप, मग फोन. कारण फोनच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेणारा बदल ॲपच्या ताज्या आवृत्तीतच असतो. दोन्ही अपडेट एकाच दिवशी मात्र करू नयेत. काही बिघडले तर कशामुळे बिघडले हे मग आपल्यालाही कळत नाही आणि मदत केंद्रालाही सांगता येत नाही. पंपाचे अपडेट घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस पंपाच्या बॅटरीचा आकडा सकाळ-संध्याकाळ पाहण्याची सवय ठेवावी. फोन किंवा पंप यांपैकी काहीही बंद पडल्यास वापरण्यासाठी इन्सुलिनचे पेन अथवा सिरिंज आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रा मुलीच्या शाळेतही असाव्यात.

प्रश्न : सेन्सरसाठी मी माझा जुना फोन वेगळा ठेवला आहे. त्यात सिम नाही, बँकेचे काही नाही. कंपनीने त्याला अपडेट देणे कधीच बंद केले. हे चालेल ना? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बँक आणि सेन्सर वेगळ्या फोनांवर ठेवण्याची कल्पना चांगली आहे. ज्या फोनवर अनोळखी दुवे उघडले जात नाहीत, खेळ उतरवले जात नाहीत, तो फोन आपोआपच कमी जोखमीचा होतो. परंतु ज्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळणेच थांबले आहे असा फोन या कामासाठी मी निवडणार नाही. त्याचे ब्लूटूथ सतत उघडे आहे. त्याची जुनी बॅटरी पहाटे दगा देऊ शकते. आणि सेन्सरच्या ॲपची पुढची आवृत्ती त्यावर चालेलच याची खात्री नाही. शिवाय सिम नसल्याने घराबाहेर पडताच इंटरनेट तुटते, आणि घरच्यांना आकडे दिसेनासे होतात.

आपल्या सेन्सरसोबत कंपनीचे स्वतःचे वाचक यंत्र, म्हणजे रीडर, मिळत असेल तर त्याची चौकशी करावी. दिसायला जुनाट वाटले तरी त्याला व्हॉट्सॲप, इअरफोन, बॅटरी सेव्हर यांतले काहीच माहीत नसते, आणि हाच त्याचा गुण आहे. काही सेन्सर ज्या यंत्राने सुरू केले त्यालाच बांधलेले राहतात, त्यामुळे नवा सेन्सर लावण्यापूर्वी माहितीपत्रक वाचावे. रीडर नको असेल तर कंपनीच्या यादीत असलेला, आणि पुढे किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळेल हे जाहीर केलेला फोन घ्यावा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले आहे; स्वस्त फोनांत हा काळ बराच कमी असतो, म्हणून दुकानदाराला कॅमेऱ्याआधी हे विचारावे.

प्रश्न : अलार्म वाजला नाही, तर तक्रार कोठे करायची? दुकानदार म्हणतो फोनवाल्याला विचारा, फोनवाला म्हणतो ॲपवाल्याला. — एक वाचक, ठाणे

उत्तर : कंपनीला लेखी कळवावे आणि त्यात फोनचे मॉडेल, आवृत्ती, ॲपची आवृत्ती, तारीख व वेळ लिहावी. त्याचबरोबर गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे नोंद करावी. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि तो हा आयोग चालवतो; रुग्ण व नातेवाइकांनाही तेथे कळवता येते, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. आपल्याकडे अशी प्रकरणे व्हॉट्सॲप गटावर लिहून संपतात. टँडेमच्या प्रकरणात आकडे मोजता आले, कारण लोकांनी ते कळवले होते.

प्रश्न : घरच्या ब्लूटूथ रक्तदाबयंत्रालाही हे सर्व लागू आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जवळजवळ नाही. आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसतोच; ॲप अडले तर वहीत लिहावा. फोन निर्धास्तपणे अपडेट करावा.

प्रश्न : ‘तुमच्या सेन्सरचे ॲप आज रात्री बंद होईल, खालील दुव्यावरून नवी आवृत्ती घ्या’ असा संदेश वडिलांना आला. त्यांनी फाइल उतरवली आहे, उघडलेली नाही. — एक वाचक, नागपूर

उत्तर : उघडू नका, पुसून टाका. सेन्सरची कंपनी ॲप व्हॉट्सॲपवरील फाइलमधून देत नाही. ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये जाऊन, ॲपचे नाव स्वतः शोधूनच घ्यावे. ‘आज रात्री’ अशी घाई केवळ भीती घालण्यासाठी असते. फाइल चुकून उघडून बसवली गेली असेल तर फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वडिलांचे खरे ॲप नीट चालू आहे का हेही त्याच वेळी पाहावे. आणि फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करण्याची वेळ आलीच, तर त्या अवधीत साखर ग्लुकोमीटरने मोजावी व चालू सेन्सर पुन्हा जोडता येईल का हे फोन पुसण्यापूर्वी कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून घ्यावे.